सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता? एका जुन्या वादाचा हिशेब

चार चित्रपटरसिक एकत्र बसले आणि त्यांच्यात ‘सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता’ हा प्रश्न निघाला, की मध्यरात्र उलटून गेली तरी निकाल लागत नाही. एक जण सत्यजित राय यांचे नाव घेतो, दुसरा अकिरा कुरोसावा यांचे. तिसऱ्याला हिचकॉकपुढे सारे फिके वाटतात. चौथा आतापर्यंत गप्प असतो. तो हळूच म्हणतो, ‘जो पुन्हा पाहावासा वाटतो तो श्रेष्ठ,’ आणि वादाला नवे तोंड फुटते. हा वाद केवळ दिवाणखान्यातला नाही. जगातील जाणकार मंडळी गेली सत्तर वर्षे तो रीतसर मतमोजणी करून घालत आली आहेत, आणि त्यांचाही निकाल आजवर कायम टिकलेला नाही.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे ‘साइट अँड साउंड’ हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. रीत साधी आहे. प्रत्येकाने आपल्या मते श्रेष्ठ अशा दहा चित्रपटांची नावे कळवायची. त्या दहांत पहिला-दुसरा असा क्रम धरला जात नाही. प्रत्येक नावाला एकच मत. मतांची बेरीज होते आणि यादी तयार होते. १९९२ पासून दिग्दर्शकांचा कौल स्वतंत्रपणे मोजला जातो. पहिल्या वेळी मत देणारे शंभराहूनही कमी होते. २०१२ मध्ये ८४६ समीक्षकांनी भाग घेतला, तर २०२२ मध्ये ही संख्या १,६३९ वर गेली.

पहिल्या यादीचा मान मिळाला इटलीच्या व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ला. महायुद्धानंतरच्या रोममध्ये भिंतींवर पोस्टर चिकटवण्याचे काम एका बेकाराला मिळते आणि त्या कामासाठी लागणारी सायकल पहिल्याच दिवशी चोरीला जाते, एवढीच त्याची कथा. १९४८ सालचा हा चित्रपट त्या वेळी अवघा चार वर्षांचा होता. त्याच १९५२ च्या जानेवारीत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि तेथेही हा चित्रपट दाखवला गेला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’वर त्याची छाया आहे, हे जाणकार मान्य करतात. सत्यजित राय यांनी तो त्याआधीच, १९५० मध्ये, लंडनमध्ये पाहिला होता. तो पाहून त्यांचा निश्चय पक्का झाला, आणि पुढे स्वतःची विमा पॉलिसी व पत्नीचे दागिने गहाण टाकून त्यांनी ‘पथेर पांचाली’चे काम पुढे रेटले. अशा या चित्रपटाचा पहिला क्रमांक मात्र दहा वर्षेच टिकला.

१९६२ मध्ये ऑर्सन वेल्स यांचा ‘सिटिझन केन’ पहिल्या स्थानी आला आणि २००२ पर्यंत सलग पाच वेळा तेथेच राहिला. वास्तविक १९४१ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याने तोटाच सोसला होता. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या आयुष्याशी त्याचे साम्य होते, म्हणून त्यांच्या वृत्तपत्रांनी त्याचे नाव छापण्याचेही नाकारले. १९५२ च्या पहिल्या दहांत तो नव्हता. ‘केन’चे पक्षकार असे मांडतात की, पंचविशीतल्या एका तरुणाने चित्रपटाची सारी भाषा येथे एकत्र आणली. अगदी जवळची व अगदी दूरची वस्तू एकाच दृश्यात सारखीच स्पष्ट दिसते. एकाच धनाढ्य माणसाची गोष्ट त्याला ओळखणारे पाच जण पाच परींनी सांगतात, आणि इतके सांगूनही तो माणूस पुरता हाती लागत नाही. प्रतिपक्ष म्हणतो, हे सारे कबूल. पण डोळे दिपतात, ओले होत नाहीत.

२०१२ मध्ये हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ने ‘केन’ला मागे टाकले. १५७ विरुद्ध १९१ मते पडली. हा चित्रपटही १९५८ मध्ये फारसा चालला नव्हता, आणि नंतर कित्येक वर्षे तो पाहायलाच मिळत नव्हता. ऐंशीच्या दशकात तो पुन्हा पडद्यावर आला आणि यादीत पायरी पायरीने वर चढत गेला. हरवलेल्या स्त्रीची प्रतिमा दुसऱ्या जिवंत स्त्रीवर लादू पाहणाऱ्या पुरुषाची ती कथा आहे. काहींना त्यात प्रेमाचे सर्वांत खरे चित्र दिसते, तर काहींना न पटणारे कथानक.

२०२२ चा निकाल सर्वांत अनपेक्षित ठरला. बेल्जियमच्या शांताल आकेरमान यांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी केलेला, १९७५ सालचा ‘जान दिएलमान’ पहिला आला. स्त्री दिग्दर्शकाचा चित्रपट अग्रस्थानी येण्याची ही पहिलीच वेळ होती. दहा वर्षांपूर्वी तो पहिल्या तिसांतही नव्हता. ब्रुसेल्समधील एका विधवेचे तीन दिवस तो २०१ मिनिटांत दाखवतो. बटाटे सोलणे, भांडी घासणे, बिछाना आवरणे ही कामे स्थिर कॅमेऱ्यासमोर जवळजवळ पूर्ण वेळ चालतात. बाहेरून इतक्या शिस्तीत दिसणाऱ्या आयुष्याच्या आत काय कोंडले गेले आहे, ते शेवटी भीषण रीतीने उघड होते. ‘टॅक्सी ड्रायव्हर’चे पटकथाकार पॉल श्रेडर यांनी या निकालावर जाहीर नाराजी व्यक्त केली. चित्रपटाचे मोल ते मानत होते. त्यांचा आक्षेप इतक्या अचानक आलेल्या उडीला होता. समर्थकांचे उत्तर असे की, जगातील निम्म्या माणसांचा दिवस ज्या स्वयंपाकघरात जातो, ते इतक्या गांभीर्याने आजवर पडद्यावर आलेच कोठे होते?

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तराजू तोच असला तरी तोलणारे हात बदलले की काटा हलतो. मतदारांची संख्या दुपटीच्या घरात गेली, त्यांत नव्या वयाची आणि नव्या देशांची माणसे आली, तेव्हा निकाल बदलला यात नवल नाही. शिवाय मोजण्याच्या नियमालाही वजन असते. २००२ मध्ये ‘गॉडफादर’च्या दोन्ही भागांची मते एकत्र धरली गेली आणि तो चौथा आला. २०१२ मध्ये दोन्ही भाग वेगळे मोजले गेले आणि पहिला भाग पहिल्या दहांतून बाहेर पडला. चित्रपटांतील एक चौकटही या दहा वर्षांत बदललेली नव्हती. ज्याने एकच थोर कृती केली त्याला या पद्धतीचा लाभ होतो. कुरोसावांसारख्या ज्याने पाच-सहा केल्या त्याची मते ‘सेव्हन समुराई’, ‘राशोमोन’, ‘इकिरू’ अशी वाटली जातात. व्यापारात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. धान्य किलोने मोजतात, कापड मीटरने. दोन्ही मापे खरी, पण एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

मग या साऱ्या वादातून हाती काय येते? याचे उत्तर यादीतल्या एका शांत चित्रपटापाशी मिळू शकते. जपानच्या यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’ समीक्षकांच्या यादीत कधीच पहिला आला नाही. १९९२ मध्ये तो प्रथमच पहिल्या दहांत, एकदम तिसऱ्या स्थानी आला. २०२२ मध्ये चौथा होता. दिग्दर्शकांनी मात्र २०१२ मध्ये त्यालाच सर्वश्रेष्ठ ठरवले. ‘हा चित्रपट फारच जपानी आहे, परक्यांना कळणार नाही’ या समजुतीने तो बरीच वर्षे परदेशी पाठवलाच गेला नव्हता.

ओझू स्वतः व्यापारी घरातले. १९०३ मध्ये टोकियोच्या फुकागावा भागात खतांचा व्यापार करणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांनी लग्न केले नाही, आईजवळ राहिले, आणि आयुष्यभर घर, मुले, मुलींची लग्ने व म्हातारे आईबाप याच विषयांवर चित्रपट काढले. त्यांचा कॅमेरा बहुधा जमिनीपासून थोड्याच उंचीवर असतो. चटईवर बसलेल्या माणसाला घर जसे दिसेल तसे ते पडद्यावर दिसते. गादीवर मांडी घालून बसण्याची सवय असलेल्या कोणालाही ही उंची परकी वाटणार नाही.

‘टोकियो स्टोरी’ची कथा दोन ओळींत सांगता येते. ओनोमिची या समुद्रकाठच्या गावातून सत्तरीच्या आसपासचे शुकिची आणि त्यांची पत्नी तोमी टोकियोला मुलांकडे येतात. मोठा मुलगा कोइची उपनगरात दवाखाना चालवतो. मुलगी शिगेचे घरातच केशभूषेचे दुकान आहे. रविवारी आईवडिलांना शहर दाखवायचे ठरते, पण ऐन वेळी रुग्णाचे बोलावणे येते आणि बेत रद्द होतो. शिगेच्या दुकानात एक गिऱ्हाईक विचारते, ही मंडळी कोण? शिगे सांगते, गावाकडचे ओळखीचे आहेत. तिचा नवरा सासूसासऱ्यांसाठी चांगली मिठाई आणतो, तेव्हा इतकी महागाची कशाला, असे ती त्याला सुनावते. पुढे दोघे भाऊबहीण पैसे काढून आईवडिलांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवतात. वरवर पाहता ही सेवाच. आतून पाहता अडचण दूर ठेवण्याचा स्वस्त मार्ग. तेथे रात्रभर तरुणांचा गोंगाट चालतो आणि म्हातारी माणसे झोपेविना ठरल्या दिवसाआधी परततात. त्या रात्री शिगेच्या घरी तिच्या व्यवसायातील मंडळींची बैठक ठरलेली असते. आईवडिलांना निजायला जागा उरत नाही.

या मुलांत कोणीही दुष्ट नाही. येथेच चित्रपटाची खरी धार आहे. कोइचीचा रुग्ण खरोखर आजारी असतो. शिगेचे दुकान तिने कष्टाने उभे केलेले आहे, बैठक आधीपासून ठरलेली आहे, आणि तिचे प्रत्येक कारण योग्यच आहे. सगळी योग्य कारणे एकापुढे एक मांडली, की त्यांची बेरीज मात्र अन्याय होते. आईवडीलही तक्रार करत नाहीत. आपली मुले इतरांच्या मुलांपेक्षा बरी आहेत, असे ते एकमेकांना सांगतात, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात थोडा खोटेपणा येतो.

त्यांच्यासाठी वेळ काढते ती एकच व्यक्ती: नोरिको, युद्धात आठ वर्षांपूर्वी गेलेल्या मधल्या मुलाची विधवा. लहानशा खोलीत राहणारी आणि कचेरीत नोकरी करणारी ही सून रजा काढून सासूसासऱ्यांना बसमधून टोकियो दाखवते. परत गेल्यावर तोमी आजारी पडते आणि मुले पोहोचतात तेव्हा ती शेवटच्या अवस्थेत असते. अंत्यविधी होतो. जेवताना शिगे आईची वस्त्रे आठवणीदाखल मागते आणि सगळे आपापल्या कामांसाठी गाडी पकडतात. मागे राहते ती पुन्हा नोरिकोच. धाकटी नणंद क्योको भावंडांवर चिडलेली असते. नोरिको तिची समजूत घालते की, मुले मोठी झाली की त्यांचे स्वतःचे संसार होतात, ती दूर जातातच. आपणही कदाचित तशाच होऊ. सासरे नोरिकोला सांगतात की, पोटच्या मुलांनी केले त्याहून तू परकी असून अधिक केलेस. ते तिला सासूचे घड्याळ देतात आणि पुन्हा लग्न करून सुखी होण्याचा आग्रह धरतात. चिशू र्‍यू यांनी हे सासरे साकारले तेव्हा ते स्वतः पन्नाशीचेही नव्हते.

या चित्रपटावरही वाद आहेच, आणि तो ओझूंच्या चाहत्यांमध्ये अधिक तीव्र आहे. त्यांतल्या अनेकांच्या मते ओझूंची सर्वोत्तम कृती ‘टोकियो स्टोरी’ नसून १९४९ सालचा ‘लेट स्प्रिंग’ आहे. त्यात विधुर वडील आणि त्यांची सांभाळ करणारी मुलगी यांची कथा आहे. तिचेही नाव नोरिकोच, आणि दोन्ही भूमिका सेत्सुको हारा यांच्याच. वडिलांना एकटे सोडून लग्न करायला ती तयार नसते. शेवटी वडील खोटे सांगतात की ते स्वतः दुसरे लग्न करणार आहेत. हे ऐकून ती दुखावते आणि लग्नाला होकार देते. पाठवणी झाल्यावर वडील रिकाम्या घरी येतात, खुर्चीवर बसून फळ सोलू लागतात आणि सोलता सोलता हात थांबतो. चित्रपट जवळजवळ तेथेच संपतो.

‘लेट स्प्रिंग’चे पक्षकार म्हणतात की, तो अधिक नेटका आहे, दोनच माणसे आणि एकच त्याग. ‘टोकियो स्टोरी’चे पक्षकार म्हणतात की, त्यात संपूर्ण कुटुंब आहे, आणि न्याय सर्वांना मिळाला आहे. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ऐकण्याजोगे आहेत. तथापि त्यांच्या मागे बहुधा आणखी एक गोष्ट असते. ज्याच्या घरातून मुलगी नुकतीच सासरी गेली आहे, त्याला सोलायचे राहिलेले ते फळ विसरता येत नाही. ज्याचे आईवडील गावाकडच्या घरी दोघेच राहतात आणि ज्याचा फोन दर वेळी ‘दुकानात गर्दी आहे, नंतर बोलतो’ इथेच संपतो, त्याला शिगेचे ते एक वाक्य टोचते. विशीत ‘केन’ची महत्त्वाकांक्षा भुरळ घालते आणि पन्नाशीत त्याचे रिकामे महाल नजरेत भरतात. चित्रपट तोच राहतो. पाहणारा आयुष्याच्या वेगळ्या पायरीवर उभा असतो. म्हणून आपला आवडता चित्रपट सांगणारा माणूस नकळत स्वतःविषयीही काही सांगत असतो, आणि वादात ते ऐकून घेण्यासारखे असते.

हा विषय केवळ जपानचा नव्हता. अमेरिकेत लिओ मॅककेरी यांनी १९३७ मध्येच ‘मेक वे फॉर टुमॉरो’ काढला होता. त्यात घर गमावलेल्या वृद्ध दांपत्याला मुले एकत्र ठेवू शकत नाहीत आणि दोघांची ताटातूट होते. ओझूंचे सहलेखक कोगो नोदा यांनी तो पाहिलेला होता. मॅककेरींना त्या वर्षीचे दिग्दर्शनाचे ऑस्कर ‘द ऑफुल ट्रुथ’ या दुसऱ्याच, हलक्याफुलक्या चित्रपटासाठी मिळाले. ते स्वीकारताना, हा मान चुकीच्या चित्रपटासाठी दिला गेला, असे त्यांनी बोलून दाखवले. मराठीत राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ १९५४ चा, म्हणजे ‘टोकियो स्टोरी’च्या पुढच्याच वर्षीचा. निवृत्त शिक्षक आणि त्याची पत्नी यांची मुलांनी केलेली वाटणी मराठी प्रेक्षकांनी त्यात पाहिली. जगाच्या याद्यांत ‘ऊन पाऊस’ शोधून सापडणार नाही. परंतु त्याचे कारण तो कमी ठरला हे नव्हे. ज्यांनी मते दिली त्यांच्यासमोर तो आलाच नव्हता.

यादीची मर्यादा येथे दिसते आणि तिचे मोलही येथेच आहे. न पाहिलेल्या चित्रपटाला कोणी मत देत नाही, आणि ज्याविषयी कोणी भांडत नाही तो चित्रपट जपण्याची निकडही कोणाला वाटत नाही. ‘पथेर पांचाली’च्या मूळ निगेटिव्हचे १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत मोठे नुकसान झाले. जळकी रिळे फेकून न देता जपली गेली आणि दोन दशकांनी इटलीतील बोलोन्या येथे कारागिरांनी हाताने ती सांधली. २०१५ मध्ये चित्रपट नव्या रूपात पुन्हा लोकांसमोर आला, आणि २०२२ च्या यादीत तो पस्तिसाव्या स्थानी होता. ‘हा श्रेष्ठ आहे’ असे म्हणणारी माणसे दशकानुदशके होती, म्हणूनच त्याच्यासाठी एवढे कष्ट घेतले गेले. आपल्याकडे हेच काम पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून केले. तरीही ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट आज उपलब्ध नाही. त्याच्या श्रेष्ठत्वावर वाद घालण्याचीही सोय उरलेली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी घरात हा वाद निघाला, तर तो मिटवण्याची घाई करू नये. मात्र दोन पथ्ये पाळावीत. ज्या चित्रपटाविरुद्ध बोलायचे तो आधी संपूर्ण पाहिलेला असावा. आणि त्याच्या चाहत्याला त्यात काय दिसले, हे त्याच्या समाधान होईल अशा शब्दांत आधी सांगता यावे. एवढे केले तर वाद आवाजाने न जिंकता समजुतीने पुढे सरकतो. सुट्टीच्या दिवशी तीन पिढ्या एकत्र बसतील अशा वेळी ‘टोकियो स्टोरी’ लावून पाहावा. पहिला अर्धा तास तरुणांना जड जाईल. घाई करू नये.

त्या चित्रपटात एक छोटे दृश्य आहे. आजी तोमी लहान नातवाला घेऊन जवळच्या उंचवट्यावर जाते. तू मोठेपणी कोण होणार, असे ती त्याला विचारते. तुझ्या वडिलांसारखा डॉक्टर होशील का? आणि तू डॉक्टर होशील तेव्हा मी असेन का, असे ती स्वतःशीच म्हणते. नातू गवत उपटत खेळत राहतो, उत्तर देत नाही. चित्रपट संपल्यावर ‘हा सर्वश्रेष्ठ आहे का?’ हा प्रश्न जरूर चर्चेला घ्यावा. पण त्याआधी शेजारी बसलेल्या आजींना, त्यांना काय वाटले, ते विचारावे. आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत कोणी फोनकडे पाहू नये.